रसायनाचा जमाखर्च

कोल्हापूरचें राजाराम कॉलेज इ. स. १८८० सालीं सुरू झालें. तेथें विज्ञान शिकविणारे प्रा. बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनीं रसायनशास्त्रावर मराठींत ग्रंथरचना केली. कोल्हापूर व कर्नाटक प्रांतांतील संस्थानांचा इतिहास लिहिणारी लेखणीही तीच. परंतु रसायन मराठींत आणणें म्हणजे नुसतीं देशी नांवें बनविणें नव्हे. त्या शास्त्राचें व्याकरण समीकरणांत आहे, आणि तें सिद्ध होण्यास युरोपांतही सुमारें सत्तर वर्षें लागलीं.

फ्रान्समधील लाव्हाझिए हा करवसुलीच्या इजाऱ्यांतील भागीदार. जमाखर्च त्याच्या अंगवळणीं पडलेला. १७८९ सालच्या ग्रंथांत त्यानें सांगितलें कीं, रासायनिक क्रियेंत द्रव्य नवें उपजत नाहीं व नाहींसेंही होत नाहीं. पुढें बर्झेलियसनें मूलद्रव्यांस अक्षरचिन्हें दिलीं. तरी पाण्याच्या रेणूंत उज्जाचा, म्हणजे हायड्रोजनचा, अणु एक कीं दोन, याविषयीं मतभेद होताच. १८६० सालीं कार्ल्सरूए येथें परिषद भरली. तेथें कानिझारोनें मांडलेला विचार हळूहळू मान्य झाला आणि दोन अणु निश्चित झाले. मोडकांची पिढी अध्यापनास उभी राहिली ती या निवाड्यानंतर.

कोल्हापूर हा उसाचा मुलूख. तेव्हां साखरेचेंच उदाहरण घ्यावें. साखरेच्या रेणूंत कर्बाचे १२, उज्जाचे २२ व प्राणवायूचे ११ अणु असतात. ती पूर्ण जळली म्हणजे कार्बन डायॉक्साइड व पाणी होतें. प्रथम कर्ब: १२ अणूंस त्या वायूचे १२ रेणु. मग उज्ज: पाण्याच्या प्रत्येक रेणूंत त्याचे दोन, म्हणून २२ अणूंस पाण्याचे ११ रेणु. प्राणवायु शेवटीं, कारण तो हवेंतून सुटा येतो व त्याचा आंकडा बदलल्यानें इतरांचा हिशेब बिघडत नाहीं. तो वायूंत २४ व पाण्यांत ११, मिळून ३५. पैकीं ११ साखरेनेंच दिले. उरले २४, हवेंतील प्राणवायूच्या रेणूंत दोन अणु असल्यानें त्याचे १२ रेणु लागतात.

येथें पथ्य एकच. रेणूंची संख्या बदलावी, रेणूची घडण बदलूं नये. पाण्याच्या रेणूंत प्राणवायूचा एक अणु वाढविला तर तें पाणी न राहतां हायड्रोजन पेरॉक्साइड होतें. खोटी पावती जोडून ताळा जुळविण्यापैकींच तें आहे.

समीकरण घोकणारा विद्यार्थी आंकडा विसरला कीं अडतो. ताळा जाणणारा तें पुन्हां मांडतो. जमा, खर्च, ताळा हे शब्द मराठी पेढीवर पूर्वींपासून नांदत आहेत. शास्त्र मातृभाषेंत आणण्याच्या मोडकांच्या खटाटोपाचें मोल येथें कळून येतें.