संत अबेर्किउस ह्यांची समाधिशिळा

महोत्सवाच्या दिवशीं जिवंतांचा मेळा भरतो; परंतु देवळाच्या पाठीमागें जे विश्वासी निजले आहेत, त्यांचाही ह्या आनंदांत वांटा आहे. म्हणून ह्या स्मरणिकेंत एका थडग्याच्या दगडाची हकीगत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हल्लींच्या तुर्कस्थानांत पूर्वीं फ्रिजिया नांवाचा प्रांत होता. तेथील हिएरोपोलिस ह्या लहानशा नगराचे संत अबेर्किउस हे दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बिशप होते, अशी परंपरा आहे. त्यांच्या प्राचीन चरित्रांत त्यांचा समाधिलेखही उतरून घेतलेला आहे. परंतु तें चरित्र अद्भुत गोष्टींनीं इतकें भरलेलें, कीं विद्वानांनीं चरित्राबरोबर लेखाविषयींही शंका घेतली.

पुढें दगडच बोलूं लागले. विल्यम रॅम्से ह्यांनीं १८८२ सालीं त्याच मुलखांतील अलेक्झांडर नामक गृहस्थाचा समाधिलेख प्रसिद्ध केला. त्यावर कोरलेलें वर्ष इ. स. २१६ चें, आणि कित्येक ओळी अबेर्किउसांच्या लेखांतल्याच! शिवाय अलेक्झांडराचें नांव वृत्तांत बसत नाहीं, अबेर्किउसांचें बसतें. अर्थात् मूळ लेख त्याहून जुना. पुढच्याच वर्षीं, १८८३ सालीं, रॅम्से ह्यांना हिएरोपोलिसजवळ उन्हाळ्यांवरील स्नानगृहाच्या भिंतींत मूळ शिळेचे दोन तुकडे बसविलेले आढळले.

लेख ग्रीक पद्यांत आहे. बाहत्तर वर्षांच्या वयांत, स्वतः उभें राहून, अबेर्किउसांनीं तो लिहवून घेतला. आपण एका पवित्र मेंढपाळाचे शिष्य आहों, त्यानेंच आपणांस रोमास पाठविलें, असें ते सांगतात. पुढें सीरिया पाहिला, फरात नदी ओलांडली. आणि जेथें जेथें गेलों तेथें तेथें श्रद्धेनें आपणांपुढें एकच अन्न वाढलें: निर्मळ कुमारीनें धरलेला मासा, उत्तम द्राक्षारस व भाकर. मासा म्हणजे कोण, हें त्या काळच्या ख्रिस्ती माणसास सांगावें लागत नसे. 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' ह्या ग्रीक शब्दांचीं आद्याक्षरें जोडलीं कीं मासा ह्या अर्थाचा शब्द होतो.

१८९४ सालीं फिकर नामक जर्मन पंडितानें अबेर्किउसांस मूर्तिपूजकांचा पुजारी ठरविण्याचा यत्न केला. पण दुशेन आदि विद्वानांनीं तो खोडून काढला. पोप तेरावे लिओ ह्यांच्या बिशपपदाचा सुवर्णमहोत्सव १८९३ सालीं झाला. त्या निमित्तानें एक तुकडा तुर्की सुलतान दुसरे अब्दुल हमीद ह्यांनीं त्यांस नजर केला; दुसरा रॅम्से ह्यांनीं दिला. आज दोन्हीं व्हॅटिकनच्या संग्रहालयांत आहेत.

त्या शिळेची मागणी मात्र थोडी आहे. आपल्या थडग्यांत दुसऱ्यास पुरणाऱ्यानें रोमच्या खजिन्यांत दोन हजार व गांवास एक हजार सुवर्णनाणीं भरावीं, असा दंड तींत सांगितला आहे. ज्यास हा लेख समजेल व पटेल, त्याच्याकडे मात्र अबेर्किउस एवढेंच मागतात, कीं त्यानें आपणांसाठीं प्रार्थना करावी. मृतांसाठीं प्रार्थना करण्याची चाल मागाहून घुसडली गेली असें म्हणणाऱ्यांस ही शिळा पुरेसें उत्तर आहे.

आमच्या दफनभूमींतही कित्येक क्रुसांवरचीं नांवें झिजून गेलीं आहेत. ह्या धर्मग्रामाचा पाया घालणारे तेथें आहेत. त्यांची मागणी वाचावयास अक्षरें उरलीं नाहींत, तरी ती तीच आहे. प्रिय वाचकहो, महोत्सवाची मिस्सा आटोपल्यावर घरीं जाण्यापूर्वीं त्या वाटेनें जा, व एक 'आमच्या बापा' म्हणा.