उठलेला बाजार आणि राहतें घर

बाजार हा शब्द आपण दोन अर्थांनीं वापरतों. दुकानांची जागा हा एक अर्थ, व त्या जागीं देवघेवीसाठीं जमलेला लोकसमुदाय हा दुसरा. समुदाय निघून जाऊन जागा तेवढी उरली, म्हणजे या दोहोंतील भेद डोळ्यांत भरतो. मोठ्या शहरांतील ओस पडलेल्या 'मॉल' नामक वास्तूंचें काय करावें, हा प्रश्न अलीकडे पुष्कळ ठिकाणीं निघाला आहे. त्या पाडून अथवा फिरवून वर राहण्याचीं घरें व खालीं दुकानें करावीं, असें त्यावर सुचविलें जातें. हें उत्तर नवें म्हणून पुढें येत असलें, तरी पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागाचा इतिहास पाहतां तें चांगलेंच जुनें आहे, असें आम्हांस वाटतें.

पुणें व नगर यांच्या साधारण मध्यावर, घोडनदीच्या कांठीं शिरूर वसलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें इंग्रजी फौजेची छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांव भीमा येथें जिची पेशव्यांच्या सैन्याशीं गांठ पडली, ती कॅप्टन स्टाँटनची तुकडी आदल्या रात्रीं शिरूरहूनच निघाली होती. पुढें पुणें हॉर्स या घोडदळाचेंही हें ठाणें झालें. छावणीच्या बाजारास गिऱ्हाईक मुख्यतः एकच असतें. फौजेचा पगार, फौजेची वैरण व फौजेचें कापड यांवर त्याचा सर्व डोलारा उभा असतो. तें गिऱ्हाईक उठून गेल्यावर पेठ उजाड व्हावी, हेंच स्वाभाविक होय. शिरूरास मात्र तसें झालें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभींचें सरकारी गॅझेटियर छावणीचा उल्लेख गतकालीन म्हणून करतें. परंतु त्याच ठिकाणीं सुमारें ७,००० वस्तीच्या या गांवांत २५० च्या आसपास दुकानदार, कापड व धान्य यांचा व्यापार, आणि दर शनिवारीं भरणारा गुरांघोड्यांचा मोठा बाजार यांचीही नोंद करतें. नगरपालिका तर १८६८ सालींच स्थापन झाली होती.

याचें कारण, आमच्या मतें, पेठेच्या रचनेंत आहे. पुढें दुकान आणि मागें किंवा माडीवर राहतें घर, अशी आपल्याकडील पेठांची जुनी रीत. अशा ठिकाणीं धंदा मंदावला, तरी चूल विझत नाहीं. आणि चूल पेटती राहिली, म्हणजे दुकानदार नवें गिऱ्हाईक शोधतो. फौज गेली, तर तो आसपासच्या शेतकऱ्यांस कापड विकूं लागतो. छावणीचे लोक पाहुणे होते. पेठेचे लोक रहिवासी झाले होते.

दौंडची कथा याहून वेगळी. तेथील भरभराट रेल्वेनें आणली. पुण्याहून सोलापुराकडे जाणारा लोहमार्ग तेथून गेला होताच. १८७८ सालीं दौंड-मनमाड मार्ग खुला झाल्यावर दौंड हें जंक्शन बनलें, आणि शिरूरवरून जाणाऱ्या सडकेखेरीज नगरच्या मालास दुसरी वाट मिळाली. शिरूरास हा फौजेच्या मागोमाग बसलेला दुसरा धक्का होय. तरीही तेथील पेठ टिकली.

तथापि दुकानावर घर बांधलें कीं सर्व कांहीं साधलें, असें कोणीं समजूं नये. याच मुलुखानें त्याची दुसरी बाजूही पाहिली आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडे या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजीं, दौंडचा प्रदेश ज्यांत मोडत असे त्या तेव्हांच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें या बाजारगांवीं रयतेनें दुकानदार-सावकारांवर चालून जाऊन कर्जरोखे व वह्या मागितल्या, आणि हाहा म्हणतां दंगे पसरले. १८७९ चा दक्षिणी शेतकरी कायदा हें त्याचें फळ. ते सावकारही दुकानामागेंच राहत होते. पण शेजार असून विश्वास नव्हता. घर माणसास जागेशीं बांधतें; माणसास माणसाशीं बांधण्यास सचोटीच लागते.

आतां मॉलकडे पाहूं. अमेरिकेंत मिनियापोलिसजवळ १९५६ सालीं 'साउथडेल' हा पूर्णपणें आच्छादित मॉल उघडला. त्याचा शिल्पकार व्हिक्टर ग्रुएन याच्या मूळ योजनेंत सभोंवतीं घरें, शाळा व उद्यान होतें. प्रत्यक्षांत बांधलीं गेलीं तीं दुकानें आणि वाहनांचे तळ. आयुष्याच्या अखेरीस ग्रुएननें या संततीचें पितृत्वच नाकारलें. आपल्याकडे मुंबईंत हाजीअलीनजीक १९९९ सालीं 'क्रॉसरोड्स' उघडलें, तेव्हां आरंभीं तर भ्रमणध्वनी किंवा क्रेडिट कार्ड बाळगणारास, नाहींतर प्रवेशमूल्य देणारासच आंत सोडीत. ज्या बाजाराच्या दारांत गिऱ्हाइकाचीच परीक्षा होते, तो किती दिवस चालावा? पुढें मालक बदलले, 'सोबो सेंट्रल' असें नवें नांव पडलें, तरी गाळे ओस पडतच गेले.

उलट उदाहरण प्रॉव्हिडन्स शहरांतील 'आर्केड'चें. १८२८ सालची ही तीन मजली बाजारवास्तु २००८ सालीं बंद पडली. २०१३ सालीं ती पुन्हां उघडली, तेव्हां वरच्या दोन मजल्यांवर ४८ लहान घरें झालीं होतीं, आणि तळमजल्यावर दुकानें तशींच राहिलीं. अमेरिकेंतील हा सर्वांत जुना आच्छादित बाजार शेवटीं आपल्या पेठेच्या रीतीस येऊन मिळाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

रांजणगांव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळें आज शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत वस्ती वाढत आहे, आणि वस्तीमागोमाग मोठे बाजार येतातच. ते बांधणारांनीं तीन प्रश्न आधींच स्वतःस विचारावे, अशी आमची सूचना आहे. येथें रात्रीं दिवा कोणाच्या घरीं लागणार? रस्त्यावरचें दार आठवड्याच्या बाजारास येणाऱ्या शेतकऱ्यासही उघडें राहणार काय? आणि ज्यांचीं जुनीं दुकानें या कामीं पाडलीं जातील, त्यांस त्याच जागीं गाळा मिळणार काय? वर उंची घरें आणि खालीं पहारेकऱ्याचें फाटक, असें झाल्यास तो एक नवी छावणीच ठरेल. आणि छावण्या उठतात, हें शिरूरानें एकदां पाहिलें आहे.