नेव्हाडातील जुगार आणि धरणावरचा मजूर

अमेरिकेतील नेव्हाडा राज्याने १९ मार्च १९३१ रोजी जुगार कायदेशीर केला. दिवस मंदीचे; तिजोरीला परवान्यांचा पैसा हवा होता. त्याच वर्षी लास व्हेगासजवळ हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. ऑगस्टात कंत्राटदारांनी बोगद्यातील काही मजुरांची रोजमजुरी पाच डॉलरांवरून चारवर आणली. संप झाला, तो मोडलाही. मजुरांसाठी केंद्र सरकारने वसवलेल्या बोल्डर सिटीत मात्र जुगाराला बंदी! पगाराच्या दिवशी काय होते, हे सरकारला पक्के ठाऊक होते. पण लास व्हेगास अवघे पंचवीस मैल.

खेळांवरील पैजांना नेव्हाडाने १९४९ साली मुभा दिली. बहुतेक राज्यांना १९९२ च्या केंद्रीय कायद्याने अडवले होते. न्यू जर्सीच्या दाव्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. बोल्डर सिटीतील बंदी अजून उठलेली नाही.