आम्ल

आम्ल : हायड्रोजनचा प्रोटॉन दुसऱ्या पदार्थाला देऊ शकणारा पदार्थ. चिंच, लिंबू, ताक आणि व्हिनेगर यांचा आंबटपणा अनुक्रमे टार्टारिक, सायट्रिक, लॅक्टिक व ॲसिटिक आम्लांमुळे येतो. आम्लांनी निळा लिटमस तांबडा होतो, जस्तासारखा धातू त्यांतून हायड्रोजन वायू बाहेर काढतो आणि आम्लारीशी अभिक्रिया होऊन क्षार व पाणी तयार होते. या सगळ्या ओळखीच्या खुणा झाल्या. आम्लता येते कुठून, हे कळायला रेणूतला एक बंध नीट पाहावा लागतो.

अणूच्या केंद्रकात धनभारित प्रोटॉन आणि भोवती ऋणभारित इलेक्ट्रॉन असतात. एका अणूने इलेक्ट्रॉन दिला आणि दुसऱ्याने घेतला की दोघांचे आयन होतात. मिठातल्या सोडियम व क्लोरीनसारखा हा आयनिक बंध. दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी मिळून वापरतात तेव्हा सहसंयुज बंध होतो. ही कल्पना गिल्बर्ट लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये मांडली. जोडी दोघांची असली तरी वाटणी समान असेलच असे नाही. पाउलिंगच्या मापनश्रेणीत हायड्रोजनची विद्युतऋणता, म्हणजे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची क्षमता, २.२० आणि क्लोरीनची ३.१६ आहे. त्यामुळे हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूत इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे झुकतात आणि हायड्रोजनवर थोडा धनभार उघडा पडतो.

तरीही हा वायू कोरडा असेपर्यंत कोरड्या निळ्या लिटमसचा रंग बदलत नाही. थोडे पाणी लागले की कागद लगेच तांबडा होतो. कारण हायड्रोजनचा एकुलता एक इलेक्ट्रॉन मागे राहिला की उरतो नुसता प्रोटॉन, आणि अणूच्या हजारो पटींनी लहान असलेला हा धनभार पाण्यात एकटा राहूच शकत नाही. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनांच्या बंधात न गुंतलेल्या जोड्या असतात. त्यांपैकी एकीला प्रोटॉन चिकटतो आणि हायड्रोनियम आयन बनतो. म्हणजे आम्लाला देण्यासाठी घेणारा, अर्थात आम्लारी, लागतो. शालेय व्याख्यांत ही बाजू बहुधा दुर्लक्षित राहते, आणि तिच्यावाचून आम्ल-आम्लारी हे प्रकरण अर्धेच समजते.

इतिहास : ऑक्सिजन हेच आम्लतेचे मूळ, असे आंत्वान लव्हाझिए यांचे मत होते. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाहीच, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८१० च्या सुमारास दाखवले. धातूने ज्याची जागा घेता येते तो हायड्रोजन आम्लात असतो, असे लीबिग यांनी १८३८ मध्ये म्हटले. क्षार, आम्ले यांसारखे पदार्थ पाण्यात आयनांत विभागले जातात, हा विचार स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांच्या १८८४ च्या प्रबंधातून पुढे आला. उपसाला विद्यापीठाने त्या प्रबंधाला खालची श्रेणी दिली. त्याच सिद्धांतासाठी त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रोटॉन देण्याघेण्याची आजची व्याख्या १९२३ मध्ये डेन्मार्कचे ब्रन्स्टेड व इंग्लंडचे लॉरी यांनी स्वतंत्रपणे केली. त्याच वर्षी लुईस यांनी इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणारा तो आम्ल, अशी आणखी व्यापक व्याख्या दिली. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये हायड्रोजन मुळीच नाही, तरी या व्याख्येने ते आम्ल ठरते.

तीव्रता : रेणूतला प्रत्येक हायड्रोजन सुटत नाही. ॲसिटिक आम्लात चार हायड्रोजन असतात. कार्बनला जोडलेले तीन जागचे हलत नाहीत. ऑक्सिजनला जोडलेला एकच सुटतो. इथेनॉलमध्येही ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन आहे, पण ॲसिटिक आम्ल त्याच्यापेक्षा दहा हजार कोटी पटींहून अधिक आम्लधर्मी आहे. प्रोटॉन गेल्यावर मागे राहणारा ऋणभार ॲसिटेट आयनात दोन ऑक्सिजनांवर पसरतो, इथेनॉलमध्ये तो एकाच ऑक्सिजनवर साचतो. मागे उरणारा आयन जितका स्थिर, तितके आम्ल तीव्र.

एवढे असूनही ॲसिटिक आम्ल सौम्यच. लिटरला ०.१ मोल संहतीच्या द्रावणात त्याच्या शंभर रेणूंपैकी जेमतेम एक-दीड रेणूचे विचरण होते, म्हणजे त्याचा प्रोटॉन सुटतो; हायड्रोक्लोरिक आम्लाचे विचरण जवळजवळ पूर्ण होते. तीव्रता व संहती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही विरल केले तरी ते तीव्र आम्लच राहते. सौम्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर घातक आहे. हायड्रोजन व फ्लोरीन यांच्यातील बंध अतिशय बळकट असल्याने हायड्रोफ्लुओरिक आम्ल सौम्य आम्लांत मोडते. तेच आम्ल काच खाते, कातडीतून आत शिरते आणि शरीरातले कॅल्शियम बांधून टाकून जीवही घेऊ शकते.

सामू : द्रावणाची आम्लता मोजण्याचे हे माप कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये आणले. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. तो एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास, तर रक्ताचा ७.३५ ते ७.४५ असतो, रक्तात याहून थोडा फरकही शरीराला सोसत नाही. रंग बदलून आम्लता दाखवणाऱ्या दर्शकांपैकी हळद आपल्या घरातलीच. आम्लात ती पिवळी राहते आणि आम्लारीत लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करण्याच्या जुन्या रीतीत हाच गुण वापरलेला आहे.

घरगुती वापर : न्हाणीघर धुण्यासाठी मिळणाऱ्या ‘ॲसिड’मध्ये सहसा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. शहाबादी फरशी चुनखडीची असल्याने त्यावर ते ओतले की फेस येतो. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो; तिथे मळ निघत नसून फरशीच विरघळत असते. हे ‘ॲसिड’ ब्लीचिंग पावडरमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. संहत आम्ल विरल करताना ते थोडेथोडे पाण्यात ओतावे, आम्लात पाणी ओतू नये. तसे केल्यास निर्माण होणाऱ्या उष्णतेने द्रावण उकळून अंगावर उडते. अंगावर उडालेच, तर कपडे काढून तो भाग वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरावा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.