उन्हाचा हिशेब : अण्णा साळुंके यांची दुसरी कारकीर्द

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात अण्णा साळुंके यांचे नाव येते ते 'राजा हरिश्चंद्र'मधील (१९१३) तारामतीच्या निमित्ताने. मुंबईत ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात ते नोकरीला होते. दादासाहेब फाळके यांनी दहाऐवजी पंधरा रुपये पगार कबूल करून त्यांना आपल्याकडे आणले, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. बहुतेक लेखनात त्यांची कहाणी येथेच संपते.

वस्तुतः तिचा उत्तरार्ध नाशिकचा आहे. फाळके १९१३ मध्येच आपला कारखाना नाशिकला घेऊन आले होते. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. या कंपनीत साळुंके पुढे छायाचित्रकार झाले आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी अनेक मूकपटांसाठी कॅमेरा चालवला.

त्या काळी प्रकाशयोजनेसाठी स्वतंत्र तंत्रज्ञ नसे. चित्रण मुख्यतः सूर्यप्रकाशात चाले आणि उन्हाचा हिशेब कॅमेरा चालवणाऱ्यालाच ठेवावा लागे. प्रखर ऊन कापड ताणून सौम्य करायचे, सावलीतल्या चेहऱ्यावर ते परावर्तकाने वळवायचे, ढग आला की थांबायचे. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे; त्याची गती चुकली की फितीवर पडणारा प्रकाशही कमीजास्त होई. तत्कालीन फितीला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे कुंकू काळे उमटे. तारामती आणि सीता म्हणून याच उन्हात उभ्या राहिलेल्या साळुंके यांना नटाच्या चेहऱ्याचे काय होते, हे अनुभवाने ठाऊक असणार, असे आम्हांस वाटते.

मग हे कर्तृत्व विस्मरणात का गेले? एक कारण उघड आहे : त्या काळातील मूकपटांपैकी फारच थोडे आज उपलब्ध आहेत. परंतु दुसरे कारण आपल्या इतिहासलेखनाच्या सवयीत आहे. 'पुरुषाने केलेली नायिका' हे नवल सांगायला सोपे असते. रोजच्या कारागिरीला तसे कथानक नसते. नाट्येतिहास शिकवताना आम्हीही नाटककार आणि नट यांच्यापाशीच थांबतो. पडदे रंगवणारे, दिवे सांभाळणारे हात आमच्या टिपणांत क्वचितच येतात. साळुंके यांची नोंद तारामतीपासून सुरू व्हावी, हे योग्यच. ती नाशिकच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचल्याखेरीज मात्र पूर्ण मानता येणार नाही.