ब्रॉडबँड, घरगुती : परवडण्याचा प्रश्न (सातारा-सांगली व शेजारी देश)

घरात वायरीने येणाऱ्या, महिन्याच्या ठरावीक भाड्याच्या इंटरनेट जोडणीचा खर्च कुटुंबाच्या मिळकतीला कितपत झेपतो, हा या नोंदीचा विषय. मराठीत ‘परवडणे’ हे क्रियापद रोजच्या वापरातले आहे, पण त्याचे नाम करायला गेले की ‘परवड’ होते आणि अर्थ हालअपेष्टांवर घसरतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जोडणीचा दर पहिल्या अर्थात बसतो. वायर दारापर्यंत आणण्याची खटपट पुष्कळदा दुसऱ्या अर्थात बसते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. तेव्हाचे हजारो रुपयांचे वार्षिक शुल्क घरगुती ग्राहकासाठी नव्हतेच. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस ही किमान गती ठरवली आणि २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर ही सेवा आणली. महिना ५०० रुपये, डेटा मोजून. सप्टेंबर २०२० मध्ये जिओफायबरने ३० एमबीपीएस गती ३९९ रुपयांत देऊ केली; १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपये. म्हणजे पंधरा वर्षांत ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम जवळपास तेवढीच राहिली आणि गती शंभरपटीहून जास्त वाढली. दूध, गॅस, एसटीचे तिकीट यांपैकी कशाबद्दलही असे म्हणता येणार नाही.

परवडणे मोजायचे कसे? संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये एक पट्टी ठरवली : प्राथमिक दर्जाची जोडणी दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून कमी खर्चात मिळाली पाहिजे. त्याआधी २०११ मध्ये ही मर्यादा पाच टक्के होती. भारताचे दरडोई उत्पन्न २०२३ च्या सुमारास अडीच हजार डॉलरच्या आसपास होते. त्या वेळच्या विनिमय दराने ते महिन्याला सव्वासतरा हजार रुपये होते. त्याचे दोन टक्के म्हणजे साधारण ३४५ रुपये. ४७१ रुपयांची जोडणी २.७ टक्क्यांवर जाते. जगातले सर्वांत स्वस्त इंटरनेट भारतात, असे आपण ऐकत आलो आहोत. ते मोबाईल डेटाबद्दल बरेचसे खरे धरता येते. घराच्या वायरीबाबत भारत या पट्टीत बसत नाही.

बांगलादेश बसतो, काठावर का होईना. तिथल्या दूरसंचार नियामकाने जून २०२१ मध्ये ‘एक देश, एक दर’ लागू केला : ५ एमबीपीएससाठी जास्तीत जास्त ५०० टका, १० साठी ८००, २० साठी १,२००. ढाक्यात आणि खेड्यात दर सारखाच. बांगलादेशाच्या दरडोई उत्पन्नाशी ताडून पाहिले तर ५०० टका दोन टक्क्यांच्या आसपास येत होते. गती मात्र ३९९ रुपयांच्या भारतीय योजनेच्या एक षष्ठांश होती. सरकारने दर बांधून दिले की स्वस्ताई येते आणि गती मागे राहते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो; पण केवळ एवढ्यावरून तो काढू नये.

नेपाळचे उदाहरण सांगली जिल्ह्याला जवळचे आहे. विटा, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी देशभर पांगली आहेत आणि काही काठमांडूतही आहेत. एक चूल गावाकडे, एक तिकडे, अशा घरात नेटची बिलेही दोन. काठमांडूत शंभर एमबीपीएसच्या पुढची जोडणी महिन्याला हजार नेपाळी रुपयांच्या आसपास पडते. एका भारतीय रुपयाला १.६ नेपाळी रुपये हा दर कायमचा बांधलेला असल्याने हिशेब सोपा आहे : सव्वासहाशे रुपये. विट्याच्या बिलापेक्षा दीडशे जास्त, पण गतीही तिपटीहून जास्त. नेपाळचे सरासरी उत्पन्न भारताहून बरेच कमी असल्याने हा खर्च तिथे सहा टक्क्यांवर जातो, आयोगाच्या मर्यादेच्या तिप्पट. त्यात ही बँडविड्थ मोठ्या प्रमाणात भारतीय कंपन्यांकडूनच विकत घेतलेली. देणी थकल्यामुळे २ मे २०२४ रोजी वरचा पुरवठा तोडला गेला आणि नेपाळातले असंख्य ग्राहक काही तास अंधारात राहिले.

तरीही नेपाळात सुमारे ६७ लाख कुटुंबांमागे तीस लाखांच्या जवळपास वायरीच्या जोडण्या आहेत. बांगलादेशात साधारण तीन घरांमागे एक आहे. भारतात २०२४ च्या सुमारास चार कोटी जोडण्या होत्या. त्यात कार्यालये आणि दुकानेही आली. ती सगळी घरे धरली तरी सात-आठ घरांमागे एक. नेपाळ आणि भारतापुरते पाहिले तर मिळकतीच्या मानाने जिथे महाग तिथे वायर जास्त घरांत आणि त्यामानाने स्वस्त तिथे कमी, असे हे उलटे चित्र आहे.

त्याची उकल मोबाईलमध्ये आहे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आल्यानंतर भारतीय माणसाने इंटरनेट खिशात घेतले आणि भिंतीवरच्या डबीची गरज त्याला वाटेनाशी झाली. मात्र कुटुंबाचा हिशेब मांडला की चित्र बदलते. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओच्या रोज दीड जीबीच्या रिचार्जला २९९ रुपये लागू लागले, आणि कंपन्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. चार फोन असलेल्या घराचे त्यात बाराशे जातात. एका वायरीचे ४७१. वायर घेतली म्हणून फोनचे रिचार्ज बंद होत नाही. शेतात, बाजारात, कारखान्यावर ते लागतेच. त्यामुळे वायरीचा खर्च मोबाईलच्या जागी न येता त्याच्यावर चढतो. परवडण्याच्या बहुतेक तक्त्यांतून ही बेरीज सुटते.

इतर शेजाऱ्यांबद्दल थोडक्यात. श्रीलंकेत डेटाचा महिन्याचा कोटा ठरवून देणाऱ्या योजनांची सवय दीर्घकाळ राहिली. पाकिस्तानात बिलावर विक्रीकराच्या जोडीला अग्रिम आयकरही कापला जातो. भूतानचे इंटरनेट भारतातूनच जाते. तिथे २०२५ मध्ये स्टारलिंकची उपग्रह सेवा सुरू झाली, तिचे मासिक दर ३,००० आणि ४,२०० न्गुलत्रुम. न्गुलत्रुम आणि रुपया समान मोलाचे असल्याने तुलनेला आकडेमोडही लागत नाही.

सातारा आणि सांगली मिळून २०११ च्या जनगणनेनुसार ५८ लाखांवर लोकसंख्या. योजनेचा दर मेढ्यात आणि मुंबईत एकच, पण वायर एकसारखी नाही. पुणे-बंगळूर महामार्गालगत, म्हणजे सातारा, कऱ्हाड आणि वाळवा तालुक्यात, तसेच सांगली-मिरजेत ग्राहकाला कंपनी निवडता येते. कृष्णाकाठच्या उसाच्या गावांत गावठाण दाट असते. एका खांबावरून दहा घरे जोडली जातात आणि केबलवाल्याला धंदा परवडतो. याच गावांत गळीत हंगामात उंच भरलेल्या ट्रॉलीने लोंबती केबल ओढून नेणे हा नित्याचा प्रकार आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळ्याच्या डोंगरी भागात पाऊस, दरडी, पडणारी झाडे आणि तासन्‌तास जाणारी वीज आहे. तिथे नेट हवे तर राउटरसाठी इन्व्हर्टरही हवा आणि तो खर्च कोणत्याही आंतरराष्ट्रीय पट्टीत धरलेला नसतो. पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जतमध्ये अडचण अंतराची आहे. कुटुंब गावठाणात न राहता मळ्यात, वस्तीवर राहते. शेवटच्या खांबापासून घर अर्धा-एक किलोमीटर. ती वायर कोणी ओढायची आणि खांब कोणी रोवायचे, यावर बोलणे अडते. महिन्याचे ४७१ रुपये ही पुढची गोष्ट.

जोडणीचा व्यवहार बहुधा जुन्या केबल टीव्हीवाल्याच्या हातात आहे. कंपनी कुठलीही असो, तक्रार त्यालाच, कारण फायबर जोडायला शिडी घेऊन तोच येतो. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरल्यास राउटर फुकट किंवा दरात सूट, ही सर्रास चालणारी रीत आहे. पगारदाराला ती अवघड वाटते. ऊसवाल्याला ती उलट सोयीची असते, कारण त्याच्या हातात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही, ऊसबिलाच्या हप्त्याने येतो. मजुरी करणाऱ्या घराला मात्र एकरकमी भरणा म्हणजे दारच बंद. त्याला वीसेक रुपयांचे डेटा व्हाउचरच बरे पडते, जीबीमागे महाग असले तरी.

वाईत सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आज जालावर विनामूल्य वाचता येतो, ही सातारा जिल्ह्याची जमेची बाजू. तो उघडायला लागणारी वायर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची राष्ट्रीय योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे भारतनेट या नावाने चालू राहिली. तिचा मूळ पल्ला ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंतचा होता. तिथून घरापर्यंतचे अंतर केबलवाला आणि ग्राहक यांच्यात राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये ट्राय या भारताच्या दूरसंचार नियामकाने एक शिफारस केली : ग्रामीण ग्राहकाला वायरीच्या ब्रॉडबँडच्या मासिक शुल्काचा निम्मा भाग, कमाल २०० रुपये, थेट खात्यात परत द्यावा आणि त्याचा आधी प्रयोग करून पाहावा. तसे झाले तर ४७१ रुपयांचे बिल २७१ वर येते, म्हणजे सरासरी मासिक उत्पन्नाच्या सुमारे १.६ टक्के. जतच्या वस्तीवरचा खांब या हिशेबात नाही.