शोकेसमध्ये न लागलेले फोटो

लग्नाची ऑर्डर मुलीच्या स्थळाच्या फोटोपासून सुरू होते, असं आमचे दादा म्हणायचे. डोंबिवलीत फडके रोडला लागून असलेल्या एका गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. मुलगी लग्नाची झाली की आई तिला घेऊन यायची. एक उभा फोटो, एक कमरेपर्यंतचा. मुलगी रंगवलेल्या पडद्यापुढे, आई कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर. मान सरळ करायची असली तर दादा स्वतः हात लावत नसत, "वहिनी, जरा तुम्हीच करा" म्हणायचे. मग निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं रिटचिंग. प्रिंट मोजून पाकिटात घालून द्यायचे. लग्न झाल्याशिवाय मुलीचा फोटो शोकेसमध्ये लागायचा नाही, कितीही सुरेख आलेला असो. पुढे लग्न ठरलं की ते घर सहसा आमच्याच पायऱ्या चढायचं.

घरच्या बायकांचे फोटो कोणावर विश्वासून काढू द्यायचे, ही कसोटी दादांच्या आधीची. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तेव्हाच्या हौशी फोटोग्राफरांतले. कला आली, पण घरच्या बायकांनी परक्या पुरुषाच्या कॅमेऱ्यापुढे बसायचं कसं? राजा दीनदयाळांसारख्या नामवंतालाही नुसत्या नावावर भागलं नाही. १८९२मध्ये त्यांनी हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला आणि मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती सोपवला.

आमच्याकडे पडदापद्धत नव्हती, पण फोटोग्राफर थेट देवघरापर्यंत येणार, नवरीच्या खोलीच्या दारात उभा राहणार. गिरगाव-दादरच्या चाळींतून डोंबिवलीत आलेल्या कुटुंबांना इथले शेजारीही नवे. म्हणून आधी ओळख निघायची: गाव कुठलं, कोणाच्या लग्नात फोटो काढलेत. घरचे कर्ते पुरुष लोकलनं परतायचे रात्री, तेव्हा दादा बोलणी करायला रविवारी सकाळी जायचे, तेही जेवणवेळेच्या बरेच आधी. सोबत एकाच लग्नाचा अख्खा अल्बम न्यायचे. निवडक वीस फोटो कोणीही चांगले दाखवतो, पंगतीतले आणि वरातीतले कसे आलेत ते बघू द्यावं, हे त्यांचं म्हणणं. अल्बम ते आधी घरातल्या आजींच्या हातात द्यायचे. पैशांचं बोलणं सगळ्यात शेवटी.

फिल्म महाग होती. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोल किंवा पूर्व जर्मनीचा ओर्वो. १२०च्या रोलवर चौकोनी फोटो बाराच. त्यामुळे काय टिपायचं आणि काय सोडायचं, हे त्या बैठकीतच ठरायचं. जाणता वधूपिता नेमकं विचारायचा, "शेवटच्या मंगलाष्टकाला रोल संपणार नाही ना?" प्रश्न रास्त होता. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, हार घातले जातात, सगळं काही क्षणांत. फ्लॅश पुन्हा भरायला वेळ लागायचा, रोल बदलायला त्याहून जास्त. दादा आधीच्या रोलवर दोनतीन फोटो शिल्लक असले तरी तो काढून ठेवायचे आणि नवा घालायचे. बैठकीत एवढं सांगितलं की समोरचा निर्धास्त व्हायचा.

आसपासच्या आगरी गावांत बोलणी वेगळी. तिथं हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी, लग्नगीतं गाणाऱ्या धवलारिणीची. "मुहूर्त कितीचा?" एवढंच विचारून थांबणारा फोटोग्राफर परका ठरायचा. "हळदीला किती वाजता येऊ, धवलारीण कधी बसणार?" असं विचारलं की चहा यायचा. ठाण्याच्या सीकेपी घरांत दादा आधी थोरल्या बाईंकडून विधींची यादी उतरवून घेत आणि नातेवाइकांची नावं शेजारी लिहीत.

आता कॅमेऱ्यात हजारो फोटो मावतात, आणि मुलगा-मुलगी इन्स्टाग्रामवर आमचं काम बघूनच फोन करतात. कॅफेत भेटतात, प्री-वेडिंगचं विचारतात, बहुतेक वेळा मुलगीच बोलते. तरी हल्लीच ठाण्याच्या राम मारुती रोडवर भेटलेल्या मुलीनं पॅकेज ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझे फोटो न विचारता पेजवर टाकणार नाही ना?" आमच्या करारात आता ती ओळ दराच्याही वर छापलेली असते. नव्या पोरांना मी तीच आधी वाचून दाखवायला सांगतो. शोरील त्यांनी नंतर लावावी.